नाव कोण सुचवणार?

खरिपाची पेरणी उरकून पीक गुडघ्याला लागलं, की वाशीम जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला मोबाइल घेऊन वावरात उभं राहावं लागतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत आपल्या पिकाची नोंद आपणच करायची असते. गट क्रमांक निवडायचा, सोयाबीन की तूर ते सांगायचं, फोटो काढायचा आणि नोंद सातबाऱ्यावर चढते का याची वाट पाहायची. केनवड हे रिसोड तालुक्यातलं, मालेगाव–मेहकर रस्त्यावरचं गाव. तिथल्या वावरातून निघालेला फोटो सरकारी सर्व्हरवर पोचतो, तेव्हा त्याच्या वाटेला किती माणसांचे हात लागलेले असतात, हा या प्रकरणाचा विषय आहे. त्यातल्या काही हातांना पुरस्कार मिळाले, बहुतेकांना नाहीत. का नाहीत याचं उत्तर आपल्याला वाटतं त्याहून साधं आहे. त्यांचं नाव कुणी सुचवलंच नाही.

आधी त्या वाटेवरचा एकच टप्पा पाहू. इंटरनेटवरची यंत्रं एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, माणसं नावांनी. म्हणून नाव दिलं की आकडा शोधून देणारी एक यंत्रणा लागते. आपल्या सरकारी संकेतस्थळांच्या नावाचा शेवट ‘डॉट इन’ने होतो. हे ‘इन’ कोण सांभाळतं, हे विचारण्यासाठी कुठल्या तरी यंत्राला अगदी मुळाशी, म्हणजे ‘रूट’ सर्व्हरकडे जावं लागतं. प्रत्येक फोटोला ही चौकशी होत नाही. एकदा मिळालेलं उत्तर दोन दिवस ग्राह्य धरतात आणि मोबाइल कंपनीची यंत्रं ते जवळ ठेवून वापरतात. पण ती मूळ नोंद कुणीतरी केली म्हणून पुढचं सगळं चालतं. ‘डॉट इन’ची नोंद ८ मे १९८९ ची आहे. त्या वेळी आपल्याकडे सामान्य माणसासाठी इंटरनेट नव्हतंच. विदेश संचार निगमाने ते खुलं केलं १५ ऑगस्ट १९९५ ला, म्हणजे सहा वर्षांनी. भारताच्या बाजूने ‘इन’चा कारभार पाहिला मुंबईत जुहूला असलेल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने. तिथे श्रीनिवासन रमणी आणि त्यांचे सहकारी होते. आणि समोरच्या बाजूने, कॅलिफोर्नियात, या सगळ्या नोंदवहीची जबाबदारी होती जॉन पोस्टेल नावाच्या लांब दाढीच्या, पायात सपाता घालून हिंडणाऱ्या माणसाकडे.

पोस्टेलचं काम मराठी वाचकाला समजावून सांगायला एक घरचंच उदाहरण आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मोठे अधिकारी, आणि संस्कृतात कविता-नाटकं लिहिणारे पंडित. सारख्या नावाची गावं, वेगवेगळ्या लिप्या आणि वाचता न येणारे पत्ते यांतून वाट काढण्यासाठी त्यांनी पिनकोडची सहा आकडी पद्धत बसवली. १५ ऑगस्ट १९७२ ला ती सुरू झाली. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, गोवा हा पट्टा. ४४ म्हटलं की विदर्भ. वाशीमचा ४४४५०५, रिसोडचा ४४४५०६. आज पाकिटावर हा आकडा लिहिणाऱ्या कोट्यवधी लोकांपैकी वेलणकरांचं नाव किती जणांना ठाऊक असेल? आकडे वाटणाऱ्या माणसाच्या वाट्याला असंच येतं. आकडे बिनचूक असले की माणूस दिसेनासा होतो.

पोस्टेल जन्मला ६ ऑगस्ट १९४३ ला. लॉस एंजलिसच्या ज्या शाळेत तो शिकला, त्याच शाळेतले व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर पुढे त्याच्यासोबत इंटरनेटच्या पायाभरणीत होते. त्या शाळेच्या मास्तरांना कुणी पुरस्कार दिला की नाही, कोण जाणे. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे पहिला संदेश गेला. ‘लॉगिन’ शब्दाची पहिली दोन अक्षरं पोचली आणि समोरचं यंत्र बंद पडलं. पोस्टेल तेव्हा त्याच प्रयोगशाळेत विद्यार्थी होता. त्याच वर्षी क्रॉकरने एक साधी प्रथा सुरू केली. जाळं कसं चालावं याविषयी कुणाला काही सुचलं, तर त्याने टिपण लिहायचं, त्याला क्रमांक द्यायचा आणि सगळ्यांना वाचायला द्यायचं. आदेश नाही, ठराव नाही, नुसती ‘मत कळवा’ अशी विनंती. या टिपणांचं संपादन पोस्टेलने तेव्हापासून मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं केलं.

संपादन म्हटल्यावर शुद्धलेखन तपासणं एवढंच डोळ्यासमोर येत असेल, तर ते खरं नाही. दोन टिपणांत एकाच गोष्टीला दोन आकडे पडले असते, तर जगातली निम्मी यंत्रं उरलेल्या निम्म्यांशी बोलली नसती. ई-मेल २५ क्रमांकाच्या पोर्टवर येते, नावांची चौकशी ५३ वर, वेबची पानं ८० वर. असे हजारो आकडे कुणाला कुठला ते ठरवून देणं आणि पुन्हा कधी न बदलणं हे काम त्याच्या टेबलावर होतं. १९८१ च्या सप्टेंबरात इंटरनेटचे मूलभूत नियम ज्या टिपणांतून पक्के झाले, त्यांचा संपादक तोच. १९८२ चा ई-मेलचा नियम त्याचाच. नावांची यंत्रणा रचण्याचं काम त्याने आपल्या संस्थेतल्या पॉल मॉकापेट्रिसकडे सोपवलं आणि १९८३ मध्ये ती उभी राहिली. यंत्रांनी एकमेकांशी कसं वागावं याचा त्याने घालून दिलेला दंडक अजून शिकवला जातो. आपण पाठवताना काटेकोर राहायचं आणि दुसऱ्याकडून घेताना सैल हाताने घ्यायचं. सासर-माहेरच्या देण्याघेण्यात हा दंडक कुणी पाळला असता तर बरेच तंटे वाचले असते, पण तो विषय वेगळा.

१९९४ च्या मार्चमध्ये त्याने देशांच्या नावांविषयी एक टिपण लिहिलं. ‘डॉट इन’सारखी नावं सांभाळणारा हा मालक नसून विश्वस्त आहे, आपल्या देशातल्या लोकांचा आणि जगभरच्या जाळ्याचाही, तेव्हा हक्क आणि मालकीची भाषा इथे अप्रस्तुत आहे, बोलायचं तर जबाबदारी आणि सेवेबद्दल बोला, असा त्याचा मथितार्थ. हे लिहिलं गेलं तेव्हा नावांचा बाजार नुकता तापायला लागला होता. चार वर्षांत तो इतका तापला, की अमेरिकी सरकार, नावं विकणारी कंपनी आणि जुने तंत्रज्ञ अशी तिहेरी ओढाताण सुरू झाली. २८ जानेवारी १९९८ ला पोस्टेलने बारापैकी आठ रूट सर्व्हर-चालकांना एक ई-मेल पाठवली. मूळ यादी यापुढे त्या कंपनीच्या यंत्रावरून न घेता माझ्या यंत्रावरून घ्या. आणि त्यांनी तसं केलं! कुठलाही कायदा नाही, करार नाही, हुद्दाही म्हणावा तर किरकोळ. सांगणारा जॉन आहे एवढंच पुरलं. वॉशिंग्टनमधून डोळे वटारले गेल्यावर ‘ही चाचणी होती’ असं म्हणून त्याने थोड्याच दिवसांत सगळं पूर्ववत केलं. इतक्या माणसांचा इतका बिनबोभाट विश्वास एका माणसावर असणं ही त्याची ताकद होती. माझ्या मते तो तितकाच मोठा धोकाही होता. त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर नावं-आकड्यांची ही नोंदवही सांभाळायला ‘आयकॅन’ ही संस्था स्थापन झाली. तिची घडी बसवण्यात पोस्टेल गुंतला होता, आणि १६ ऑक्टोबर १९९८ ला हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर गेला. वय ५५. त्याच वर्षी १ जुलैला अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा जन्माला आला होता.

इंटरनेट सोसायटीने १९९९ मध्ये त्याच्या नावाचा सेवा पुरस्कार सुरू केला. काचेचा कोरलेला गोल आणि वीस हजार डॉलर. पहिला पुरस्कार खुद्द पोस्टेललाच मरणोत्तर दिला गेला आणि तो त्याच्या आईने स्वीकारला. पुढच्या नावांची निवड आधीच्या मानकऱ्यांच्या समितीकडे. नामांकनं मागवताना ही समिती जे निकष सांगते, ते वाचण्यासारखे आहेत. तांत्रिक काम भरीव आणि सातत्याचं हवं, त्यातून समाजाची सेवा घडलेली हवी, आणि नेतृत्व हवं. नेतृत्वाचा अर्थ मात्र समितीने आपल्यापुरता ठरवून ठेवला आहे. स्वतः काय केलं याबरोबरच दुसऱ्यांना किती उभं केलं, त्यांच्या हाती काम किती दिलं, यावर खास भर.

या निकषामुळे यादी कशी वेगळी झाली पाहा. शोध लावणारे म्हणून गाजलेल्यांची ही यादी नाही. २०१३ ची मानकरी एलिझाबेथ फाइनलर. नावांची यंत्रणा येण्याआधी जाळ्यावरच्या सगळ्या यंत्रांची एकच यादी असे आणि ती तिच्या कार्यालयात ठेवलेली असे. नवं यंत्र जोडायचं तर कार्यालयीन वेळेत तिथे कळवायचं, म्हणजे ते नाव यादीत चढायचं. ‘डॉट कॉम’, ‘डॉट ओआरजी’ ही शेपटं कशी असावीत हे तिच्याच गटाच्या चर्चेतून ठरलं. घानाचे नी क्वेनर, कोरियाचे किल्नम चॉन, थायलंडच्या कांचना कांचनासुत ही आपापल्या देशात पहिली तार ओढणारी माणसं. २००८ मध्ये तर व्यक्तीला नव्हे, व्हेनेझुएलातल्या जाळे-शाळेला पुरस्कार मिळाला. लॅटिन अमेरिकेतल्या तंत्रज्ञांना ती शिकवत आली होती. २०२० मध्ये इंडोनेशियाचे ओन्नो पुर्बो. गल्लीतल्या चार घरांनी मिळून एक जोडणी घ्यायची आणि वाटून वापरायची, ही चळवळ त्यांनी देशभर नेली. स्वयंपाकाच्या कढईपासून केलेल्या वायफाय अँटेनाचाही त्यांनी प्रसार केला. महागडी डिश परवडत नाही ना, मग कढई आहेच.

आपल्याला सगळ्यात जवळचे महाबीर पुन, २०१४ चे मानकरी. नेपाळच्या म्याग्दी जिल्ह्यातलं नांगी हे त्यांचं गाव. तिथे मोटाररस्ता नव्हता, फोनही नव्हता. अमेरिकेत शिकून ते परतले, गावच्या शाळेत शिकवू लागले, देणगीत मिळालेले सुटे भाग लाकडी खोक्यांत बसवून त्यांनी संगणक तयार केले. गावाला इंटरनेट कसं आणायचं, हे कुणी सांगेल का, अशी विचारणा त्यांनी परदेशांत पाठवली. ती बातमी झाली, स्वयंसेवक आले, आणि पोखऱ्यापासून डोंगरमाथ्यांवरून, कुठे चक्क झाडांवर यंत्रं बांधून, वायफायची साखळी नांगीपर्यंत गेली. तो काळ माओवादी संघर्षाचा. रेडिओ यंत्र सापडलं तर दोन्ही बाजूंचा संशय. पुन यांना २००७ मध्ये मॅगसेसे मिळालं होतं. पण पोस्टेल पुरस्काराने त्यांच्या कामाची तांत्रिक बाजू मानली, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं. खेड्यात तार नेणाऱ्याला आपण ‘समाजसेवक’ म्हणून हार घालतो आणि अभियंत्यांच्या पंगतीत बसवत नाही. तो अभियंताच असतो.

असाच आणखी एक पुरस्कार जपानच्या जुन-इचिरो हागिनो, म्हणजे ‘इतोजुन’च्या नावाने आहे. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जेमतेम ४२९ कोटी. ३ फेब्रुवारी २०११ ला त्यांचा जागतिक साठा संपला. संपणार हे आधीच दिसत होतं, म्हणून सहाव्या आवृत्तीचे, जवळजवळ अमर्याद पत्ते तयार झाले. पण ते प्रत्यक्ष संगणकांत चालवून दाखवायचं किचकट काम इतोजुन आणि त्यांच्या ‘कामे’ गटाने केलं आणि सगळं फुकट वाटलं. त्यांच्या पानावर एक कासव होतं. नव्या पत्त्यावरून आलात तर ते नाचायचं, जुन्यावरून आलात तर स्वस्थ बसायचं. इतोजुन २००७ मध्ये अवघ्या ३७ व्या वर्षी गेले. मित्रांनी पुरस्कार सुरू केला आणि २००९ मध्ये हिरोशिमात तो पहिल्यांदा दिला गेला. २०१६ मध्ये जिओ आलं आणि भारत सहाव्या आवृत्तीच्या वापरात जगात आघाडीवर गेला, तो याच पायावर.

आता मुद्द्याची गोष्ट. १९९९ पासून २०२० पर्यंतच्या पोस्टेल पुरस्काराच्या यादीत एकही भारतीय नाव नाही. नेपाळ आहे, थायलंड, घाना, बुर्किना फासो आहे. आपलं काम कमी होतं म्हणावं, तर जुहूचे रमणी २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये महाबीर पुन यांच्यासोबतच गेले. माणसं होती, आहेत. मग?

माझा संशय आपल्या सवयीवर आहे. आपल्याकडे पुरस्काराचा रस्ता उमेदवाराच्याच दारातून जातो. शेतीच्या राज्य पुरस्कारांसाठी शेतकऱ्याने प्रस्ताव तयार करून तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा. शिक्षकाने आपल्याच कामाची फाइल करायची, कात्रणं लावायची, फोटो चिकटवायचे. पद्म पुरस्कारांसाठी आता कुणीही कुणाचंही नाव ऑनलाइन सुचवू शकतो, ८०० शब्दांत काम मांडायचं असतं. तिथेही स्वतःचं नाव सुचवायची मुभा आहे. यात गैर काही नाही. पण ज्याला फाइल करायला वेळ आहे आणि ज्याला संकोच नाही, तोच पुढे येतो. खरोखर आकडे सांभाळत बसलेला माणूस फाइल करत नाही. त्याचं काम पाहून दुसऱ्या कुणीतरी बसून लिहावं लागतं, पुरावे गोळा करावे लागतात, साक्षीदार शोधावे लागतात. नामांकन हे दुसऱ्यासाठी केलेलं बिनपगारी काम आहे, आणि ते करायची आपल्याला सवय नाही. आपण सत्कार उत्तम करतो, शाल-श्रीफळ तयारच असतं. शिफारसपत्र लिहायला मात्र कुणी बसत नाही.

महाराष्ट्रातून कुणाचं नाव लिहिता आलं असतं? मी दोन नावं सांगेन. पहिलं नाव तेव्हा आयआयटी मुंबईत असलेले अभय करंदीकर आणि त्यांचा ‘ग्राममार्ग’ गट. दूरदर्शनसाठी राखलेल्या रेडिओलहरींचा एक पट्टा देशभर जवळपास रिकामाच पडून असतो. करंदीकरांच्या गटाने हिशेब मांडला, तेव्हा त्यातल्या १५ पैकी किमान १२ वाहिन्या सगळीकडे मोकळ्या निघाल्या. या लहरी लांब जातात आणि झाडीतून पार होतात. त्यांवरून पालघरच्या खामलोली भागातल्या सात वस्त्यांना जोडण्याचा प्रयोग झाला. तो यशस्वी होऊनही परवाना प्रयोगापुरताच राहिला, त्यामुळे पुढच्या पंचवीस गावांसाठी परवाना न लागणाऱ्या लहरींकडे वळावं लागलं. तंत्र जिथे जिंकतं तिथे कागद हरवतो, हे आपल्याकडे नवं नाही. या गटाची मला भावलेली गोष्ट यंत्रातली नाही. जोडणीत ग्रामपंचायतीचा स्वतःचा पैसा आणि वाटा असावा, गावातल्याच तरुणाने ती चालवावी, असा त्यांचा आराखडा होता. २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत ग्राममार्ग पहिला आला, बक्षीस १ लाख २५ हजार डॉलर.

याच्याशेजारी मेळघाटातलं हरिसाल ठेवून पाहावं. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साथीने ते राज्यातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून जाहीर झालं, आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत तिथली जाहिरात खरी की प्रत्यक्ष खरं, यावरून सभा गाजल्या. उद्घाटनाला माणसं मिळतात. तीन वर्षांनी बंद पडलेला राउटर पुन्हा सुरू करायला कोण असतं, हा प्रश्न नामांकनाच्या कागदावर विचारायला हवा.

दुसरं नाव पुण्याच्या सी-डॅकमधल्या भाषा-तंत्रज्ञान गटाचं. त्यांचं काम सांगायला केनवड ज्या मुलखात आहे त्याचंच नाव पुरेल: वऱ्हाड. यातला ‘ऱ्ह’ मराठीला लागतो, हिंदीला लागत नाही. संगणकात तो दोन तऱ्हांनी टंकता येतो. एका तऱ्हेत मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह घालतात, दुसरीत ‘ऱ’ हे वेगळंच अक्षर वापरून पाय मोडतात. डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं, यंत्राला दोन वेगळे शब्द. बातमीत हे चालतं. संकेतस्थळाच्या नावात चाललं तर एकाच दिसणाऱ्या नावाची दोन दुकानं उघडतील, एक बँकेचं आणि एक भामट्याचं. २७ ऑगस्ट २०१४ ला ‘डॉट भारत’ देवनागरीत सुरू झालं, ते मराठी, कोकणी, हिंदी, नेपाळी अशा आठ भाषांसाठी. आणि आयकॅनच्या मूळ यादीत कुठली देवनागरी अक्षरं कशी जोडलेली चालतील, याचे नियम २०१९ मध्ये पक्के झाले. ते ठरवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांपैकी एक होते सी-डॅकचे महेश कुलकर्णी. न दिसणाऱ्या चिन्हाला तिथे मज्जाव आहे. ‘ऱ’ला मात्र जागा मिळाली, ती फक्त अशाच जोडाक्षरांपुरती. एका अक्षरासाठी वर्षानुवर्षं बैठका, टिपणं, हरकती. पोस्टेलला हे काम आवडलं असतं.

आणि केनवडसारख्या गावातून? तिथून नाव सुचवायचं तर मी खासदार-आमदारांच्या फलकांकडे पाहणार नाही. देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत तार नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, तिला २०१५ मध्ये भारतनेट हे नाव मिळालं. रस्त्याच्या कडेने चर खणून ती तार पुरलेली असते, आणि रस्ता रुंद करायला आलेला जेसीबी ती उखडतो. मग कुणीतरी तुटलेली जागा शोधतो, चिखलात बसून काचेचे केसाएवढे धागे टोकाला टोक लावून वितळवून जोडतो. त्याला आपण ‘नेटवाला’ म्हणतो. दुसरा उमेदवार ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक. २०११ च्या ‘संग्राम’ योजनेतून ही मुलं-मुली गावोगाव बसली, पुढे ‘आपले सरकार’ केंद्रं आली. जन्ममृत्यूची नोंद, दाखले, घरकुलाची यादी, कर्जमाफीचे अर्ज सगळं त्यांच्या बोटांतून गेलं. आणि मानधन वेळेवर मिळावं, किमान वेतन मिळावं म्हणून आझाद मैदानात आणि नागपूरच्या अधिवेशनावर मोर्चे काढायची पाळी त्यांच्यावरच आली.

सगळेच संत आहेत असं कुणी समजू नये. २०२३ मध्ये राज्याने एक रुपयात पीक विमा आणला होता, २०२५ मध्ये तो बंद झाला. अर्ज भरणाऱ्या केंद्राला विमा कंपनीकडून अर्जामागे ४० रुपये मिळत, शेतकऱ्याने द्यायचा होता फक्त रुपया. तरी जास्त पैसे उकळल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. म्हणून तर नामांकनात नुसतं ‘मनमिळाऊ, सेवाभावी, सर्वांचे लाडके’ लिहून भागत नाही. ३१ जुलैच्या मुदतीच्या आदल्या रात्री सर्व्हर अडला असताना केंद्र किती वाजेपर्यंत उघडं होतं. पावती प्रत्येकाच्या हाती दिली की नाही. आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळत नव्हतं अशांचं त्याने काय केलं, परत पाठवलं की तलाठ्याकडे नेलं. पैसे किती घेतले. या गोष्टी तारखेनिशी लिहाव्या लागतात. साक्षीदारही नेमके लागतात. सरपंचाचं पत्र सगळेच जोडतात, त्याला फारसं वजन नसतं. शाळेतले गुरुजी चालतील, बँक मित्र चालेल, ज्या विधवेचं निराधार योजनेचं अनुदान आठ महिने अडकून मग सुटलं अशी एखादी बाई तर नक्कीच चालेल. आणि पोस्टेल समितीचा निकष लावायचा, तर एक साक्षीदार असा हवा, ज्याला या परिचालकाने काम शिकवलं आणि जो आता शेजारच्या गावात स्वतःचं केंद्र चालवतो, अडलं तरच फोन करतो.